स्टेबल सर

आमच्या भागात नवा उड्डाणपूल झाला, तेव्हा लोक पहिल्याच आठवड्यात घरच्यांना घेऊन त्यावरून चक्कर मारून आले. सर मात्र वर्षभर पुलाखालून जात राहिले. खालचे तिन्ही सिग्नल, धूर, रिक्षावाल्यांच्या शिव्या, सगळं सोसून, जुन्या स्कूटरवर ताठ बसून. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, ‘‘पुलाचं उद्घाटन झालंय. पूल सिद्ध व्हायचाय.’’

तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता ते वाक्य आठवलं की डोकं तडकतं. का तडकतं, ते एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून सगळंच सांगते.

येरवड्याच्या पुढे एका चारमजली इमारतीत आमची कंपनी होती. त्या वर्षांत पुण्यात दर गल्लीत एक सॉफ्टवेअर कंपनी उगवत होती, त्यातलीच ही एक. हॉस्पिटलांमधल्या रुग्णांच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायचं काम आम्ही करायचो. कोण कधी आलं, काय आजार, कोणती औषधं चालतात, कोणती चालत नाहीत, असं सगळं. ती माहिती ज्या यंत्रांवर राहायची ती आमच्याच तिसऱ्या मजल्यावरच्या थंड खोलीत होती. त्यांना प्रॉडक्शन सर्व्हर म्हणायचं, म्हणजे खऱ्या माणसांचं खरं काम ज्यांच्यावर चालतं ते. बाकीची यंत्रं आम्हाला खेळायला.

त्या सर्व्हरांवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिचं कोणतं रिलीज, म्हणजे कितवी आवृत्ती, चढवायचं, हे सर ठरवायचे. दर काही महिन्यांनी नवं रिलीज यायचं. इंटरनेटवर त्याचं कौतुक चालायचं, आम्ही पोरंपोरी हुरळून जायचो. सर शांतपणे दोन-दोन वर्षं जुनं रिलीज वापरायचे, त्याच्या दुरुस्त्या तेवढ्या नियमाने चढवायचे. एवढंच. तोंडावर सगळे त्यांना सर म्हणायचे आणि पाठीमागे ‘स्टेबल’.

त्यांनी खोलीच्या दारामागे स्वतःच्या अक्षरात एक तक्ता लावला होता. प्रत्येक रिलीजचं नाव आणि त्यापुढे त्याची अवस्था: ‘बाळ’, ‘उनाड’ किंवा ‘मार्गी लागलेलं’. मार्गी लागल्याशिवाय कुठल्याही रिलीजला प्रॉडक्शनची पायरी चढता येत नसे. उनाड रिलीज मार्गी कधी लागणार, हे फक्त सरांना माहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ते एकटेच बसायचे. डाव्या हाताला भाकरी, उजव्या बाजूला नव्या रिलीजमधल्या तक्रारींच्या याद्यांचे कागद. घास, पेन्सिलीची खूण, घास, पेन्सिलीची खूण. लोक सकाळी पेपरात निधनवार्ता वाचतात, त्या गांभीर्याने ते वाचायचे. मध्येच म्हणायचे, ‘‘हा ब्राझीलमधला माणूस गेला बिचारा.’’ म्हणजे ब्राझीलमधल्या कुणाची तरी डिस्क गेलेली असायची.

सर राहायला विश्रांतवाडीला. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून त्यांच्या घरात नवस नाही, उपास नाही, मुहूर्त नाही. पण ऑफिसात शुक्रवारी सर्व्हरला कुणी बोट लावलं तर यांचा चेहरा बघावा. एका मुलाने विचारलं, ‘‘सर, शुक्रवार अशुभ असतो का?’’

‘‘शनिवारी निस्तरायला आपण इथे येणार असाल, तर अतिशय शुभ असतो,’’ सर म्हणाले.

असं बोलायचे. ‘अहो’, ‘आपण’ सोडून दुसरा शब्द नाही, आणि प्रत्येक ‘आपण’ला धार. चहा देणाऱ्या मावशींपासून कंपनीच्या मालकांपर्यंत सगळ्यांना तेच आणि तसंच. त्यांचे वडील लष्कराच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. आधीचे शंभर गोळे चांगले निघाले, तरी पुढचा डोळे झाकून उचलायचा नाही, असं त्यांनी घरात शिकवलेलं. हे सरांनी मला एकदाच सांगितलं, तेही स्कूटर सुरू होत नव्हती म्हणून वेळ होता तेव्हा.

मी लोणी काळभोरची. घरी ऊस, गुलछडी आणि तीन म्हशी. घराण्यातली पहिली इंजिनीयर. वडील गावात सांगत फिरायचे, ‘‘पोरगी कंप्युटरच्या कंपनीत हाय. ती नसली की दवाखाने बंद पडत्यात.’’ मला घाई होती. सहा महिन्यांतच मी एका हॉस्पिटलच्या छपाईच्या सर्व्हरवर सरांना न विचारता नवं रिलीज चढवलं. यंत्र छान चाललं. आधीपेक्षा वेगात चाललं. चौथ्या दिवशी सरांना कळलं.

‘‘काढा,’’ ते म्हणाले.

‘‘सर, पण चाललंय ना ते!’’

‘‘सोलापूर रोडला आपण रोज कुठल्या बाजूने येता?’’

‘‘डाव्या.’’

‘‘उद्या उजव्या बाजूने या. पोचलात तर सगळ्यांनाच तसं यायला सांगू.’’

सगळ्यांसमोर. मग माझ्याकडून जुनं रिलीज पुन्हा बसवून घेतलं. पहिल्यांदा बसवलं तर म्हणाले, पुन्हा करा. दुसऱ्यांदा केलं तर म्हणाले, आता कागदाकडे न बघता करा. तिसऱ्यांदा झालं तेव्हा साडेपाच वाजले होते आणि माझे डोळे भरले होते. त्यावर ते काय म्हणाले असतील? ‘‘की-बोर्ड पुसून ठेवा.’’

मी बसमध्ये रडले आणि त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की हडपसर कधी गेलं ते कळलं नाही. हे आजही कबूल करते, की त्या माणसाला शिकवता यायचं नाही. बरोबर असता यायचं. दोन्ही एकच, असा त्यांचा समज होता.

मग उपाध्यक्ष साहेब आले. परदेशात चार वर्षं काढून आलेले, चुन्यासारखे पांढरेस्वच्छ शर्ट, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. एक मोठं हॉस्पिटल आमच्याकडे येऊ घातलं होतं, आणि त्यांच्या लोकांनी सर्व्हरची खोली बघताना विचारलं होतं, ‘‘हे इतकं जुनं का?’’ तेवढं पुरलं. साहेबांनी बैठक बोलावली आणि जाहीर केलं की सगळ्या प्रॉडक्शन सर्व्हरांवर सगळ्यात नवं रिलीज चढणार. लेटेस्ट म्हणजे लेटेस्ट.

सर म्हणाले, ‘‘नाही.’’

‘‘कारण?’’

‘‘ते रिलीज अजून उनाड आहे.’’

बैठकीत हशा पिकला. साहेबही हसले. म्हणाले, ‘‘जरा टेक्निकल भाषेत सांगाल?’’

सरांनी दुसऱ्या दिवशी टेक्निकल भाषेत सांगितलं. सात पानं, चाळीस मुद्दे, एकाखाली एक, बारीक टायपात. कुठला महत्त्वाचा, कुठला किरकोळ, काही खूण नाही. पहिला मुद्दा होता की इन्स्टॉल करतानाच्या पडद्यावर एक स्पेलिंग चुकलंय. खरं सांगते, पहिला मुद्दा हा होता. साहेबांनी तेवढाच वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी पाचव्या मुद्द्यापर्यंत वाचलं.

लिफ्टमध्ये साहेब आणि मी दोघंच होतो. ते म्हणाले, ‘‘कोट्यातून आलेल्यांचं असंच असतं बघ. एकदा खुर्ची मिळाली की हलायला नको. नवीन काही म्हटलं की भीती.’’

मी हसले.

मी काही बोलले नाही, असं सांगायला सोपं गेलं असतं. पण मी हसले. ज्या माणसाने मला सर्व्हर म्हणजे काय ते शिकवलं, जो कंपनीत सगळ्यात जास्त वाचायचा, ज्याच्या हाताखाली एकदाही नोंद हरवली नव्हती, त्याच्याबद्दल हे ऐकून मी लिफ्टच्या आरशात स्वतःला हसताना पाहिलं. तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत.

बदलाच्या फॉर्मवर विभागप्रमुखाची सही लागायची. सरांनी केली नाही. साहेबांनी त्यांना ‘मॅन्युअल लिहायला’ म्हणून तळमजल्यावरच्या एका टेबलावर पाठवलं आणि मला हंगामी प्रमुख केलं. मी सही केली. नाव पूर्ण लिहिलं, खाली रेघ ओढली. जाताना सर तक्ता काढून नेतील असं वाटलं होतं. त्यांनी तो तसाच ठेवला. मला फक्त म्हणाले, ‘‘सगळे मुद्दे वाचलेत?’’

‘‘वाचले.’’

‘‘बरं.’’

एका रविवारी दुपारी आम्ही सगळे सर्व्हर नव्या रिलीजवर नेले. सोमवारी सगळं सुरळीत. साहेबांनी पेढे वाटले. सरांच्या टेबलावरही एक ठेवला गेला. त्यांनी तो मावशींना दिला.

गुरुवारी एका हॉस्पिटलमध्ये एक बाई आल्या. येरवड्यातच राहणाऱ्या, घरी ब्लाउज शिवणाऱ्या. पायाला झालेलं गळू कापून घ्यायचं होतं, अगदी साधं काम. जुनं कार्ड त्यांनी बरोबर आणलं होतं. खिडकीवरच्या कारकुनाने कार्डावरचा नंबर टाकला. पडद्यावर आलं, नोंद नाही. त्याने पुन्हा टाकला. नोंद नाही. मागे रांग होती, त्याने नवी नोंद केली आणि त्यांना आत पाठवलं.

आत नर्सने विचारलं, ‘‘कुठल्या औषधाचा त्रास होतो का?’’

बाई म्हणाल्या, ‘‘एका इंजेक्शनचा झाला होता मागं. नाव नाही आठवत. तुमच्याकडं लिहिलेलं आहे.’’

नर्सने पडद्यावर बघितलं. नवी कोरी नोंद. काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांना तेच इंजेक्शन दिलं गेलं.

बाई वाचल्या. श्वास बराच वेळ बंद होता. आठ-दहा दिवसांनी घरी गेल्या, पण उजवा हात थरथर कापायला लागला तो लागलाच.

हॉस्पिटलचा फोन आल्यावर आम्ही दिवसभर शोधत होतो. नोंद डिस्कवर होती, दिसत होती. नंबर टाकून शोधली की सापडत नव्हती. काही नंबर सापडायचे, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर न बोलावता वर आले, माझ्या खुर्चीशेजारी उभे राहिले आणि पाऊण तासात कारण हातात दिलं. नव्या रिलीजने अक्षरं आणि चिन्हं क्रमाने लावायची पद्धत बदलली होती. आमच्या कार्डांच्या नंबरांत आडव्या रेघा होत्या, आणि त्या रेघांची जागा क्रमात सरकली होती. समजा शब्दकोशातला वर्णक्रमच कुणी बदलला आणि पानं मात्र जुन्या क्रमानेच राहिली, तर शब्द असूनही सापडणार नाही. तसं झालं होतं. सूची नव्याने बांधायला हवी होती. त्यांनी ती बांधली. नोंदी सापडायला लागल्या.

मी म्हणाले, ‘‘हे कुणालाच माहीत नव्हतं, सर.’’

त्यांनी खिशातून सात पानांची घडी काढली, पान पाच उघडलं, पेन्सिलीचं टोक ठेवलं. मुद्दा सत्तावीस. दोन ओळी. ‘क्रम लावण्याची पद्धत बदलली आहे. जुन्या सूची नव्याने बांधाव्या लागतील.’ त्याच्या वर सव्वीस मुद्दे, खाली तेरा.

त्यांनी बोलायला हवं होतं. ‘मी सांगितलं होतं’ असं ओरडले असते तर मी उलटून ओरडले असते, आणि बरं वाटलं असतं. ते घडी खिशात ठेवून तळमजल्यावर गेले.

आठवड्याने हॉस्पिटलला अहवाल द्यायचा होता. साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं, ‘‘नंबर टाकताना चूक झाली, असं लिही. खिडकीवरच्या माणसाकडून. सिस्टीम ठीक आहे, आज कुणीही तपासून बघावी.’’ आज ती ठीकच होती, सरांनी केली होती म्हणून. मी मसुदा लिहिला. इंग्रजी चांगलं झालं होतं. त्या कारकुनाला हॉस्पिटलने काढून टाकलं.

सर माझ्या टेबलापाशी आले. हातात कुणी कधी काय टाइप केलं, त्याच्या मशीनवरच्या नोंदींचे कागद. म्हणाले, ‘‘त्या माणसाने नंबर दोन्ही वेळा बरोबर टाकला होता. हे बघा. चला, हॉस्पिटलात जाऊन सांगू. मी एकटा गेलो तर म्हणतील, याला वरून काढलं म्हणून हा सूड उगवतोय. आपण प्रमुख आहात, आपण आलात तर ऐकतील.’’

माझं लग्न ठरलं होतं. सासरी सांगितलं होतं, पोरगी विभागप्रमुख आहे. मी म्हणाले, ‘‘सर, मला दोन दिवस द्या.’’

‘‘त्याला किती दिवस दिलेत?’’

मी खाली बघितलं.

‘‘बरं,’’ ते म्हणाले, आणि एकटे गेले. हॉस्पिटलच्या अधीक्षकांसमोर तीन तास बसून राहिले, कागद दाखवले, मुद्दा सत्तावीस दाखवला. कारकुनाला परत घेतलं. सरांना कंपनीने गोपनीयता मोडली म्हणून त्याच दिवशी काढलं. साहेब दीड वर्षाने बढती घेऊन दुसरीकडे गेले. निरोप समारंभात त्यांच्याविषयी मीच बोलले. हेही लिहून टाकते.

आज मी दुसऱ्या कंपनीत पन्नास माणसांची प्रमुख आहे. आमच्याकडे कुठलंही नवं रिलीज वर्षभर चाचणीच्या यंत्रांवर राहतं. पुढे कसं जायचं, हे लिहिण्याआधी परत कसं यायचं, हे लिहून घेते. शुक्रवारी कुणाला हात लावू देत नाही. आणि आक्षेपांच्या कागदावर पहिल्या ओळीत माणसाच्या जिवाचं काय ते लिहायचं, स्पेलिंग शेवटी. एवढं एक मी त्यांच्याहून वेगळं करते.

त्यांना काढल्यावर साधारण वर्षाने मी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, आत बुद्धाची छोटी मूर्ती, एका भिंतीला छतापर्यंत कागदांचे गठ्ठे. ते एका शाळेत कॉम्प्युटर सांभाळायला लागले होते. मी माफी मागायला गेले होते. पाठ करून गेले होते. त्यांनी मला पहिलं वाक्यही पुरं करू दिलं नाही.

‘‘सही केलीत त्याचं मला काही नाही. चुकतं माणूस. वाचलं, असं म्हणालात. वाचलं नव्हतंत.’’

आणि माझा तोल गेला. ‘‘चाळीस मुद्दे, सर! चाळीस! पहिला काय, तर स्पेलिंग! तुम्ही पुलालाही नाही म्हणायचात, नव्या स्टेपलरलाही नाही म्हणायचात. तुमचं खरं ‘नाही’ कुठलं, ते आम्ही कसं ओळखायचं? एकदा हात धरून सांगितलं असतंत, बाई गं, हा सत्ताविसावा मुद्दा माणूस मारेल, तर मी सही केली असती?’’

‘‘केली असतीत,’’ ते म्हणाले.

त्यांचाही आवाज चढला होता, पहिल्यांदाच. म्हणाले, ‘‘मी हात धरून सांगायचं? तिथे मी बोललो की ‘घाबरतो’ आणि तुमचे साहेब बोलले की ‘व्हिजन’! म्हणून कागदावर दिलं. कागदाला तरी आडनाव बघून कुणी हसणार नाही, असं वाटलं होतं.’’

लिफ्टमधलं त्यांना कसं कळलं असेल? कदाचित कळलं नसेलही. असल्या लिफ्ट त्यांच्या आयुष्यात बऱ्याच झाल्या असतील.

मग त्यांनी विचारलं, ‘‘त्या बाई कशा आहेत?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘मला माहीत आहे. चला.’’

ते दर रविवारी जात होते. बाईंना हाताच्या व्यायामाला स्कूटरवरून नेत, परत आणून सोडत. येरवड्यात एका बोळात वरच्या मजल्यावर बाईंचं घर. शिवणयंत्रावर आता मुलगी बसत होती. बाई खाटेवर बसल्या होत्या, उजवा हात डाव्याने धरून.

‘‘ह्यांना आपल्याला काही सांगायचंय,’’ सर म्हणाले आणि बाजूला सरकले. मला एका शब्दाची मदत केली नाही.

मी सांगितलं. नवं रिलीज, न वाचलेला कागद, सही, खोटा अहवाल, सगळं. रिलीज म्हणजे काय, ते त्यांना समजलं की नाही कोण जाणे. सही समजली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हात कापत होता, त्याचा खाटेच्या पट्टीवर बारीक आवाज येत होता.

‘‘बरं मग,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता मी काय करू?’’

मी सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

मुलगी चहा टाकायला उठली, पाहुणे आले की उठतात तशी. बाई म्हणाल्या, ‘‘सरांना ठेव. हिला नको.’’

मला वाटलं, सर म्हणतील, मग मलाही नको. निदान संकोचतील. त्यांनी कपबशी घेतली, बशीत ओतून घोट घोट करत सगळा चहा प्यायले. मी दाराशी उभी होते, मला कुणी बस म्हटलं नाही. शेवटचा घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि मुलीला म्हणाले, ‘‘छान झालाय.’’